साठ सेकंदांचा वायदा

ज्या सर्व्हरने काहीही काम करायचं नसतं, त्याच्यावर माझं पोट चालतं. आमची कंपनी पुण्यात आहे आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या पतसंस्थांचे हिशोब सांभाळते. पिग्मी एजंट दुकानादुकानांतून पन्नास-शंभर गोळा करून संध्याकाळी परतले, की त्यांच्या मशिनमधला भरणा आमच्या डेटाबेसमध्ये येऊन पडतो. हा डेटाबेस एका सर्व्हरवर चालतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये, तेवढाच दणकट आणि तेवढाच महाग दुसरा सर्व्हर असतो, तो स्टँडबाय. पहिला पडला तर याने उभं राहायचं. तोवर पहिला जे जे लिहील ते ते मुकाट्याने उतरवून घ्यायचं.

पहिला पडल्यापासून दुसऱ्याने पहिली पावती फाडेपर्यंत जो वेळ जातो तो कमी करणं, हे माझ्या नोकरीतलं मिरवण्यासारखं एकमेव काम. बाकी सगळी नोकरी ‘जागा संपत आली’ आणि ‘पासवर्ड चालत नाही’ या दोन विषयांत आटोपते.

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. त्याची एक चांगली सवय आहे. कुठलाही बदल करायचा तर आधी तो एका नोंदवहीत उतरवायचा, मग बाकीचं. या नोंदींच्या सोळा-सोळा एमबीच्या फाइली होतात आणि त्यांतला मजकूर लिहिला जाताजाताच स्टँडबायकडे रवाना होतो. तिथे एक प्रोसेस बसलेली असते. ती आल्या क्रमाने एकेक नोंद वाचते आणि आपल्या प्रतीत लागू करते. मुख्य सर्व्हरवर शे-दीडशे कनेक्शनं एकाच वेळी लिहीत असतात. इकडे ते सगळं निस्तरायला ही एकटी. तिच्या बापड्या आयुष्यात गर्दी म्हणजे फक्त मार्चअखेर.

२०१० साली पोस्टग्रेसची ९.० ही आवृत्ती आली. त्याआधी स्टँडबाय नुसता फाइली गिळत बसायचा, त्याच्याकडून काही वाचता यायचं नाही. तो खरोखरच निरुपयोगी दिसायचा आणि म्हणूनच सुखी होता. ९.० पासून नोंदी सलग वाहत यायला लागल्या आणि, इथेच घात झाला, स्टँडबायवरून माहिती वाचताही यायला लागली. ज्या घरात एक बिननोकरीचा काका असतो त्या घरात गॅसचा नंबर लावणं, लाइट बिल भरणं, पोरांना क्लासला सोडणं ही कामं न सांगता काकांची होतात. आणि ज्या दिवशी घरात खरोखरच कोणीतरी हवं असतं, त्या दिवशी काका बिलाच्या रांगेत असतात. आमच्याकडे काकांना रांगेत उभं करणारा मी.

पण त्याआधी माझ्या पराक्रमाचा पहिला अंक.

सुरुवातीला आमचं फेलओव्हर, म्हणजे पहिला पडल्यावर दुसऱ्याला उभं करणं, पूर्ण स्वयंचलित होतं. पॅट्रोनी नावाचा एक प्रोग्राम दोन्ही सर्व्हरांवर पहारा देतो. मुख्य सर्व्हरने ठरावीक वेळाने ‘मी आहे, मी आहे’ म्हणत आपल्या नावाचं कुलूप नव्याने लावायचं. सुरुवातीच्या सेटिंगप्रमाणे ते दर दहा सेकंदांनी लावलं जातं आणि तीस सेकंदांत लावलं गेलं नाही, तर स्टँडबाय गादीवर बसतो. मला तीस सेकंद फार वाटले. तीस सेकंदांत माणूस तीन एसएमएस वाचतो, एजंट तर दोन दुकानं करतो. मी तीसचे वीस केले, बाकीचे आकडेही त्या हिशोबात घासूनपुसून घेतले आणि समाधानाने झोपलो.

रात्री अडीचला बॅकअप सुरू झाला. त्याने नेटवर्कची सगळी वाट अडवली, कुलूप लावणारा निरोप त्या गर्दीत अडकला आणि वीस सेकंदांनी आमच्या धडधाकट मुख्य सर्व्हरला गादीवरून उतरवून स्टँडबायचा राज्याभिषेक झाला. माझा फोन वाजला. बायको झोपेतच म्हणाली, “कोण पडलं?”

“कोणी पडलेलं नाही,” मी म्हणालो. “तरी उचललं.”

असं मोठ्यांच्या घरीही होतं, हे मी सकाळी साहेबांना सांगितलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेत गिटहबच्या दोन ठिकाणांमधलं नेटवर्क अवघे ४३ सेकंद तुटलं. त्यांच्या यंत्रणेने तत्परतेने डेटाबेसचा कारभार पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर हलवला. तोवर पूर्वेकडे काही नोंदी अशा झाल्या होत्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेला नव्या नोंदी सुरूही झाल्या. त्या दोन वह्यांचा मेळ घालून सगळं पूर्ववत व्हायला त्यांना २४ तास ११ मिनिटं लागली. घटना ४३ सेकंदांची, सुतक दिवसभराचं.

साहेबांनी यातून फक्त एवढंच घेतलं की स्वयंचलित गोष्ट बंद करायची. “यापुढे माणूस ठरवेल,” ते म्हणाले. माणूस म्हणजे मी. रात्री अडीचला ज्याने वीस सेकंदांचा हा उद्योग केला होता, तोच.

साहेबांना शेअर बाजाराचा नाद आहे, त्यामुळे फेलओव्हर हा विषय त्यांना माझ्यापेक्षा जिव्हाळ्याचा. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार दुपार व्हायच्या आत बंद पडले आणि पावणेचारला परत सुरू झाले. त्या दिवशी साहेबांचा काहीतरी सौदा अर्धवट राहिला होता. तो विषय अजून निघतो. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम केला की महत्त्वाची यंत्रणा कोलमडली तर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून कामकाज सुरू करायचं. २ मार्च २०२४ च्या शनिवारी बाजार मुद्दाम उघडून, सकाळचं सत्र मुख्य केंद्रावरून आणि दुसरं पर्यायी केंद्रावरून, अशी खरीखुरी रंगीत तालीमही झाली. साहेबांनी त्याचं कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं.

“एवढा देशाचा बाजार जाऊन येतो,” ते म्हणाले. “आपल्याला किती वेळ लागेल?”

“साठ सेकंद.”

हा आकडा माझ्या तोंडून कसा गेला ते मला आजही कळलेलं नाही. पण गेला, आणि वार्षिक बैठकीच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत छापलाही गेला. त्यामागे गणित नव्हतं असं नाही. प्रमोटचा, म्हणजे स्टँडबायला गादीवर बसवण्याचा, हुकूम द्यायला पाच सेकंद, उरलेल्या नोंदी लागू व्हायला दहा, सर्व्हर उघडायला पाच. पूर्वी इथे एक मोठा अडसर असायचा. गादीवर बसण्याआधी सगळी मेमरी डिस्कवर उतरवून चेकपॉइंट पुरा करावा लागे आणि मोठ्या सर्व्हरला त्यात कितीतरी मिनिटं जात. २०१३ च्या ९.३ आवृत्तीने तो सोडवला. सर्व्हर आता आधी उघडतो आणि चेकपॉइंट मागाहून करतो. उरलेले चाळीस सेकंद मी सर्व्हरचं नाव नव्या पत्त्याकडे वळवण्यासाठी ठेवले होते. सर्व्हर पडलाय हे कळायला, ते खरं आहे याची खात्री करायला आणि साहेबांचा फोन लागायला लागणारा वेळ मी शून्य धरला होता. रविवारच्या ड्रिलमध्ये तो शून्यच असतो. सगळे समोरच बसलेले असतात आणि वडापाव मागवलेला असतो.

ड्रिलमध्ये मी ५२ सेकंद काढले. साहेबांनी टाळी दिली.

आणि मग अकाउंट्सच्या मॅडम आल्या.

मॅडमचा एक रिपोर्ट होता. सगळ्या संस्थांच्या सगळ्या ठेवींवरचं व्याज, तारीखवार. मुख्य सर्व्हरवर तो लावला की शाखांमधले कॅशियर ओरडायचे, म्हणून मीच सुचवलं होतं, “दुसरा सर्व्हर बसूनच असतो, त्याच्यावर चालवा.” माझ्या या काटकसरीचं त्या वेळी कौतुक झालं होतं. अडचण एवढीच की त्यांचा रिपोर्ट मध्येच मरायचा. स्क्रीनवर ओळ यायची: कॅन्सलिंग स्टेटमेंट ड्यू टू कॉन्फ्लिक्ट विथ रिकव्हरी.

कारण सरळ आहे. मुख्य सर्व्हर जुन्या, कोणाला नको असलेल्या ओळी मधूनमधून झाडून टाकतो. ती झाडलोटही नोंद होऊन स्टँडबायकडे जाते. पण इकडे मॅडमचा रिपोर्ट नेमक्या त्याच जुन्या ओळी वाचत बसलेला असतो. आता कोणी थांबायचं? नोंदी लागू करणाऱ्या प्रोसेसने, की मॅडमनी? पोस्टग्रेस ३० सेकंद वाट पाहतो आणि मग मॅडमना उठवतो. स्टँडबायने आपलं मुख्य काम आधी करावं, असा त्याचा रास्त आग्रह.

“अहो सर, चौथ्यांदा गेला हो रिपोर्ट,” मॅडम म्हणाल्या. “ऑडिटर बसलेत समोर.”

मार्चचा शेवटचा आठवडा, दारात स्त्रीदाक्षिण्य दाखवण्याची संधी, आणि कॉन्फिगच्या फाइलीत तो ३० चा आकडा. तो मी १२० करू शकत होतो, ३०० करू शकत होतो. मी उणे एक केला. पोस्टग्रेसच्या भाषेत उणे एक म्हणजे हवा तितका वेळ थांबा, बाईंना उठवू नका. मॅडमनी दुसऱ्या दिवशी खोबऱ्याच्या वड्या आणल्या.

कोणी म्हणेल, नोंदी मागे पडत असतील तर पडद्यावर दिसलं असतं. पडदा हिरवागार होता. स्टँडबाय किती मागे आहे हे पोस्टग्रेस चार ठिकाणी मोजतो. नोंद पाठवली कुठवर, तिकडे लिहिली कुठवर, डिस्कवर पक्की झाली कुठवर आणि लागू झाली कुठवर. मी तिसरा आकडा लावला होता. तो नेहमी शून्याच्या आसपास असतो, दिसायला फार छान. चौथा जरा वेडावाकडा उड्या मारायचा, बैठकीत विनाकारण प्रश्न निघायचे, म्हणून मी तो घेतला नव्हता.

त्या दिवशी मॅडमनी जेवणाआधी रिपोर्ट लावला आणि संध्याकाळी तो तसाच चालू ठेवून, “चालू दे, सकाळी बघते,” असं सांगून त्या बस पकडायला गेल्या. सव्वासातला मुख्य सर्व्हर गेला. पिग्मीच्या ऐन भरण्याच्या वेळी. पहिला फोन इस्लामपूरकडून, दुसरा फलटणकडून, त्यानंतर मोजायचं सोडलं. साहेब मार्चअखेर म्हणून ऑफिसातच होते. ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

मी बोटं मोडली आणि प्रमोटचा हुकूम दिला.

या हुकुमानंतर स्क्रीनवर एकेक टिंब उमटत जातं. ड्रिलमध्ये आठ-दहा टिंबं झाली की ‘डन’ येतं. आज टिंबांची ओळ उजव्या कडेपर्यंत गेली. साठ सेकंद झाल्यावर तो हुकूम स्वतःच कंटाळला आणि म्हणाला, सर्व्हर डिड नॉट प्रमोट इन टाइम. त्याचीही मर्यादा नेमकी साठ सेकंदांची असावी, हा केवळ योगायोग. साहेबांनी तो वाचला.

मी प्रोसेसची यादी काढली. नोंदी लागू करणारी ती बिचारी प्रोसेस दिसली. तिच्या नावापुढे ती कुठल्या फाइलीवर आहे ते लिहिलेलं असतं: चोवीस अंकी-अक्षरी एक लांबलचक नाव. आणि त्या नावाच्या टोकाला एक जास्तीचा शब्द होता. वेटिंग.

ती मॅडमच्या रिपोर्टसाठी थांबली होती. दुपारी दोनपासून. स्टँडबायवर अजून दुपारचे दोनच वाजले होते! त्यानंतरचा एकूण एक भरणा तिथे पोचला होता, डिस्कवर पक्का झाला होता, कोणाचा एक रुपया हरवला नव्हता. लागू तेवढा झाला नव्हता. गादीवर बसण्याआधी आलेली प्रत्येक नोंद लागू करायची, हा नियम. नोंद लागू करायची तर रिपोर्ट संपायला हवा. रिपोर्ट संपेपर्यंत उठवू नका, हा माझा लेखी हुकूम.

मी रिपोर्ट मारला. ‘वेटिंग’ गेलं आणि फाइली सरकायला लागल्या. नऊशेच्या वर फाइली होत्या, त्यांत त्या दुपारची व्याज आकारणीही. मुख्य सर्व्हरवर शे-दीडशे कनेक्शनांनी पाच तासांत लिहिलेलं एकटीने उपसायचं होतं. पुढच्या नोंदींना लागणारी पानं आधीच डिस्कवरून मागवून ठेवायची सोय पोस्टग्रेसच्या १५ व्या आवृत्तीत, २०२२ मध्ये आली. आम्ही १३ वर होतो. अपग्रेडचा प्रस्ताव माझ्याच खणात होता.

आता करायला काही नव्हतं, नुसतं बघायचं होतं. साहेब खुर्ची ओढून बसले आणि आम्ही दोघं फाइलीच्या नावाची शेवटची अक्षरं बघत राहिलो.

“सात, आठ, नऊ,” साहेब मोजत होते. “ए? ए कुठून आला? काही बिघडलं का?”

“नाही साहेब, नऊच्या पुढे ए येतो. मग बी, सी, डी, ई, एफ.”

“आणि मग?”

“दहा. म्हणजे सोळा.”

साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. हा माणूस संस्थांचे हिशोब सांभाळतो, असा भाव त्या नजरेत होता. मग त्यांनी सोळाच्या पटीत मन लावलं. एफ-एफ जवळ आलं तसे ते पुढे सरसावले. “हे शेवटचं ना?” एफ-एफ झालं आणि आकडा परत शून्य-शून्यावर आला.

“पहिल्यापासून सुरू केलं का तुम्ही?”

दर २५६ फाइलींनी असं होतं, हे मी समजावलं. पुढच्या शून्याला ते काही बोलले नाहीत. फक्त चष्मा काढून पुसला.

मध्यंतरी डेटा सेंटरमधल्या मुलाचा उत्साही फोन आला. “सर, गुड न्यूज! तुमच्या मेन सर्व्हरची पॉवर केबल सैल होती. लावली. होतोय चालू.”

“बंद कर!” मी ओरडलो.

“सर, आत्ताच तर तुम्ही चालू कर म्हणत होता.”

त्याचं बरोबर होतं. पण जुना सर्व्हर उठून ‘मीच मुख्य’ म्हणाला असता आणि निम्म्या शाखा त्याच्याकडे गेल्या असत्या, तर दोन गाद्या, दोन वह्या आणि गिटहबसारखा उद्योग. या धोक्यावरच्या इलाजाला आमच्या धंद्यात अधिकृत नाव आहे, शूट द अदर नोड इन द हेड. दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला. त्याचं लघुरूप पुस्तकांत निर्विकारपणे छापलेलं असतं. आमच्याकडे ती गोळी म्हणजे तो मुलगा. त्याने केबल परत उपटली आणि बहुधा माझ्याविषयी काहीतरी मित्रांना सांगितलं. तो सर्व्हर मग दुसऱ्या दिवशी पीजी-रिवाइंड नावाच्या साधनाने मागे नेऊन, गुपचूप स्टँडबाय म्हणून बसवला.

अखेर स्टँडबाय उघडला. साहेबांनी हात पुढे केला, मी मिळवला, आणि इस्लामपूरचा फोन आला की काही चालत नाही. आमचं ॲप्लिकेशन जुन्याच सर्व्हरशी कनेक्शन धरून बसलं होतं. मेलेला सर्व्हर ‘मी गेलो’ असं सांगून जात नाही. पाठवलेल्या निरोपाला उत्तर आलं नाही, तरी लिनक्स साधारण पंधरा मिनिटं तो परत परत पाठवत राहतो. आणि काही न पाठवता नुसतं कनेक्शन उघडं असेल, तर समोरचा जिवंत आहे का हे विचारायला, मूळ सेटिंगप्रमाणे, दोन तासांनी जातो. एवढी निष्ठा मी माणसांत पाहिलेली नाही. ॲप्लिकेशनचे सगळे सर्व्हर एकेक करून बंद-चालू केले, तेव्हा फलटणची पहिली पावती फाटली. दोनशे रुपये, एका किराणा दुकानाची.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. सव्वाआठला एक मिनिट कमी होतं.

“आकडा तुमचा बरोबर होता,” ते म्हणाले. “साठच.”

दुसऱ्या दिवशी मी त्या उणे एकच्या जागी ३० घातले, पडद्यावर चौथा आकडा लावला, आणि रिपोर्टसाठी एक जुना, किरकोळ सर्व्हर वेगळा काढला. त्याने वाटेल तितकं मागे राहावं. या धावपळीत माझ्या नावावर एक तिकीट येऊन पडलं होतं, तातडीचा शेरा मारलेलं: “माझा रिपोर्ट कोणीतरी मध्येच बंद केला. चौकशी व्हावी.” खाली मॅडमचं नाव. चौकशी अधिकारी म्हणून मी रिपोर्टची क्वेरी पहिल्यांदाच उघडून वाचली. त्यात तारखेच्या कॉलमचं आधी अक्षरांत रूपांतर करून मग तुलना केली होती, त्यामुळे तारखेचा इंडेक्स असून नसल्यासारखा होता आणि प्रत्येक वेळी सगळं टेबल पहिल्यापासून वाचलं जात होतं. हे कोणी लिहिलं म्हणून वर कॉमेंट पाहिली, आणि स्क्रीन हळूच खाली सरकवली.

तारखेची तुलना तारखेशी केली. रिपोर्ट चार मिनिटांत आला. मॅडम प्रिंट घेऊन माझ्या टेबलाशी आल्या, पानं उलटून पाहिली, बेरीज जुळली.

“अहो, मग हे गेल्या मार्चलाच का नाही केलंत?”

“गेल्या मार्चला,” मी म्हणालो, “मी तीसचे वीस करत होतो.”